हॉलच्या मधोमध टांगलेला पडदा

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे हं! नाटकाचे पडदे मखमली असतात, दिमाखात वर जातात आणि फुकटच्या टाळ्या घेतात. मी साधा, जाड, गडद निळ्या कापडाचा. पियानोच्या स्पर्धेत वाजवणारे आणि गुण देणारे यांच्या मधोमध मला टांगतात. दिवसभर एका जागी लटकायचं आणि कुणाला कुणाचं तोंड दिसू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका भांडणातून झाला. स्पर्धा सुरू झाली त्या वर्षी पहिलं बक्षीस एका परीक्षकाच्या भाच्याला मिळालं. दुसऱ्या वर्षी त्याच परीक्षकाच्या भाचीला. तिसऱ्या वर्षी लोक म्हणाले, यंदा जावई येणार बहुतेक! तेव्हा पियानो शिकवणाऱ्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मध्ये पडदा लावा. कान उघडे ठेवा, डोळे झाका."

त्याच आठवड्यात बाई शिंप्याकडे गेल्या. कापडाचे तीन रुंद पट्टे जोडून मला शिवायचं होतं.

"खिडकी केवढी आहे?" शिंप्याने विचारलं.

"खिडकी नाही. हॉलच्या मधोमध लावायचाय."

"मधोमध? मग पलीकडचं दिसणार कसं?"

"दिसू नये म्हणूनच तर शिवून घेतेय!"

शिंप्याने मान हलवली, पण टीप अशी पक्की मारली की इतक्या वर्षांत एक टाका उसवलेला नाही.

नियमही बाईंनीच लिहिले. दरवर्षी सकाळी चिटणीस ते घसा खाकरून वाचतो. तो हा हॉल सांभाळतो, आणि नियम त्याला झोपेतही पाठ आहेत. नाव सांगायचं नाही, नुसता नंबर. चपला-बूट बाहेर, कारण टाचांच्या आवाजावरून माणूस कळतो. अत्तर लावायचं नाही, कारण एका वर्षी नुसत्या वासावरून एक जण ओळखू आला होता. नोटेशन समोर न ठेवता वाजवायचं, बारा मिनिटांच्या आत. अर्जावर शिकवणाऱ्याची सही हवी, ती नसेल तर अर्ज परत. आणि बाईंचा सगळ्यात लाडका नियम असा: परीक्षकाने स्पर्धकाला ओळखलं, तर तिथल्या तिथे पेन्सिल खाली ठेवायची. त्या स्पर्धकापुरते त्याचे गुण धरायचे नाहीत. आणि जो ठेवणार नाही, त्याने त्या वर्षी परीक्षकाची खुर्ची सोडायची.

खरं सांगू? इतक्या वर्षांत मी एकही पेन्सिल खाली ठेवलेली पाहिली नाही. ओळखतात सगळे! कुणी श्वास कसा घेतो, कुणी स्टूल किती वेळा सरकवतो, यावरून बरोब्बर ओळखतात आणि मग छताकडे बघत बसतात. दोन्ही बाजू बघणारा मी एकटाच, आणि मला तोंड नाही.

पलीकडच्या बाजूची मजा वेगळी. मुलं घामेजलेले हात पुसतात ते माझ्याच कडेला. काही जण डोळे मिटून पुटपुटतात. एक तर माझ्याआडून परीक्षकांना वेडावून दाखवायचा, आणि मग देवदूतासारखा वाजवायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

त्या वर्षी नेहमीचेच तिघे परीक्षक होते. मध्ये बाई. डावीकडे खोकलेवाले सर, ज्यांच्या खिशातल्या गोळ्यांचे कागद नेमके हळुवार जागीच वाजतात. उजवीकडे चष्मेवाल्या मॅडम, ज्या कंटाळा आला की गुणपत्रिकेवर फुलं काढतात. चार जण शेवटच्या फेरीत जाणार होते, आणि पहिल्या येणाऱ्याला संगीतशाळेत दोन वर्षं फुकट शिकायला मिळणार होतं. वयाची अट त्याच वर्षी वीसवरून चोवीसवर नेली होती. चिटणिसाने तो बदल वाचला तेव्हा बाईंचा हात टेबलावर थबकला. का, ते मला माहीत होतं.

बाईंची एक विद्यार्थिनी होती. आठव्या वर्षापासून त्यांच्याकडे, सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. बाईंच्या घरी खायची, प्यायची, तिथल्या सोफ्यावर झोपायचीसुद्धा. स्पर्धा बघायलाही दरवर्षी बाईंबरोबर यायची. वयाच्या अटीचं तिचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा अर्ज घेऊन सहीसाठी आली. बाई म्हणाल्या, "अजून तयार नाहीस." सही केली नाही. धाकटी तो कोरा अर्ज घेऊन निघून गेली, ती तीन वर्षं फिरकली नाही. आदल्या वर्षी मध्यंतराच्या चहाला हे सारं बाईंनी मॅडमना सांगितलेलं मी ऐकलं होतं. सांगताना त्यांनी कपातला चहा पार गार करून टाकला होता.

सातव्या नंबरला बोलावलं. स्टूल सरकलं. आणि मग पायाखालचं पेडल, नुसतंच, दोनदा दाबल्याचा आवाज आला. धप्, धप्.

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांच्या घरच्या पियानोचं पेडल जुनं, अडकायचं, हेही मी त्या चहालाच ऐकलेलं. दोनदा दाबल्याशिवाय सुटायचं नाही. त्या घरी शिकल्याशिवाय ही खोड लागणं शक्य नाही. धाकटी आली होती!

अहो, कसली धाकटी! माझ्या पलीकडे सोळा-सतरा वर्षांची, लांब वेणीची एक मुलगी बसली होती. मी तिला आयुष्यात प्रथमच बघत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण कापडाने करायचं काय? नुसता हललो. चिटणिसाने उठून खिडकी लावली.

वेणीवाली फार सुंदर वाजवत होती. सरांनी चक्क गोळी तोंडात टाकायची थांबवली. मॅडमनी अर्धं फूल तसंच सोडलं. बाईंनी मात्र पेन्सिल खाली ठेवली नाही. घट्ट धरली, इतकी की बोटं पांढरी पडली. पंचवीसपैकी सरांनी बावीस दिले, मॅडमनी तेवीस. बाईंनी सतरा.

दुपारी चिटणिसाने निकाल वाचला. "तीन, पाच, आठ आणि बारा." सात नंबर अगदी थोडक्यात हुकला होता. मग रिवाजाप्रमाणे त्याने माझी दोरी ओढली, मी बाजूला झालो आणि सगळे स्पर्धक छातीवर नंबर लावून ओळीने उभे राहिले.

बाई सात नंबर शोधत होत्या. तो त्यांना एका वेणीवाल्या मुलीच्या छातीवर दिसला. मुलगी ओठ चावून रडू आवरत होती.

बाई खुर्चीवरून उठल्या, थेट तिच्यासमोर गेल्या. "सुरुवातीला पेडल दोनदा दाबलंस. का गं?"

मुलगी घाबरली. "चुकलं का? आमच्या ताईंनी तसंच शिकवलंय. दोनदा दाबल्याशिवाय सुरू करायचं नाही म्हणतात."

"का, ते विचारलं नाहीस?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या बाईंकडे तसंच करायचे."

"कोण तुझ्या ताई?"

मुलीने शेवटच्या रांगेकडे बोट केलं. तिथे धाकटी बसली होती. थोडी वाळली होती, केस कापले होते, पण तीच. ती उठून उभी राहिली.

बाई सगळ्यांकडे वळल्या. त्यांचा आवाज वर्गात मात्रा मोजताना असतो तसा शांत होता.

"सात नंबरचे माझे गुण काढून टाका. मी तिला ओळखलं होतं."

चिटणीस गडबडला. "पण बाई, तुम्ही ओळखलंत कुठे? तुम्ही चुकीचं ओळखलंत! चुकीच्या ओळखण्याबद्दल नियमात काही नाही."

"मी तिला दुसरी कुणी समजले. त्या दुसरीचा मला राग होता. आणि ती माझी आहे म्हणून उद्या कुणी बोट दाखवेल, याची भीतीही होती. दोन्हीचे मिळून पाच गुण कापले. या मुलीचे."

सरांच्या खिशातला कागदही वाजेना.

चिटणिसाने दोघांचे गुण धरून आकडेमोड केली. सात नंबर एकदम वर आला. बारा नंबरच्या मुलाचा चेहरा पडला.

"त्याला काढायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्याची काही चूक नाही. पाच जण वाजवतील."

"पाच जणांची सोय नियमात नाही, बाई."

"मग लिहा. ही माझी गुणपत्रिका घ्या, मागची बाजू कोरी आहे. आणि पेन्सिल न ठेवणारा परीक्षक त्या वर्षी खुर्चीत बसत नाही, हेही नियमात आहे ना? मीच लिहिलंय."

त्यांनी पिशवी उचलली आणि परीक्षकांच्या टेबलापासून थेट शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. अनवाणी होत्या, तरी एकेक पाऊल ऐकू येत होतं. धाकटीच्या शेजारी बसल्या. शेवटच्या फेरीत मला गुंडाळून त्या रांगेमागेच उभं करतात, म्हणून पुढचं मला कळलं.

बाई म्हणाल्या, "यंदा तुझं वय बसत होतं. तू का नाही आलीस?"

"अर्जावर शिकवणाऱ्याची सही लागते, बाई."

"मग? दुसऱ्या कुणाची घ्यायची."

"दुसऱ्या कुणाकडे गेलेच नाही मी."

बाईंना रडू आवरेना. सगळ्यांना गप्प बसवणाऱ्या बाई, पण तोंडाला रुमाल लावून हुंदके देत होत्या. "मी चुकले गं," त्या म्हणाल्या. "तू तयार होतीस. माझाच जीव होत नव्हता तुला सोडायला."

"माहीत होतं मला," धाकटी म्हणाली. "म्हणून तर जास्त राग आला."

मग दोघींना हसू फुटलं आणि चिटणिसाने पियानोजवळूनच डोळे वटारले, कारण समोर वेणीवाली वाजवायला बसत होती. ती दुसरी आली. सर म्हणतात पहिली यायला हवी होती, पण सरांचं काय, त्यांना गोळी संपली की सगळंच वेगळं ऐकू येतं.

या गोष्टीला एक वर्ष झालं. आता माझा रंग उडालाय, वरच्या कड्या गंजल्यात. समितीत कुणीतरी म्हणालं, लाकडी फळ्यांचं पार्टिशन करू, पडदा हलतो फार. करा बापडे. पण मला एवढंच सांगायचंय: आड काय लावता याला फार महत्त्व नाही. माणसं एकमेकांना ओळखणारच. ओळखलं की निदान कबूल करा! यंदा सकाळपासून दोन जणांनी पेन्सिली खाली ठेवल्यात, आणि कुणाचंही आभाळ कोसळलेलं नाही.

बाईंना यंदा पुन्हा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्यांनी नको म्हणून कळवलं. त्या आल्यात, पण माझ्या या बाजूला, वाजवणाऱ्यांच्यात. धाकटीचं जाकीट हातावर घेऊन उभ्या आहेत. पाठ भिंतीला टेकलीय आणि ओठ कोरडे पडलेत. इतकी वर्षं त्यांनी शेकडो मुलांना असं माझ्याआड ताटकळत ठेवलं, पण इथे उभं राहायला कसं वाटतं ते त्यांना आजच कळतंय.

चिटणिसाने नंबर पुकारला. आता मी हलणार नाही. तुम्हीही जरा हळू बोला, आमची धाकटी वाजवायला बसतेय.