वाफ्यातली पाटी

लेखकमहाशयांचा फोटो पुस्तकाच्या मलपृष्ठावर जायचा होता, म्हणून छायाचित्रकाराने तो जुन्या पद्धतीने, कृष्णधवलच काढला होता: बागेत वाफ्याशी उकिडवे बसलेले, हातात खुरपं, नखांत माती आणि चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. छायाचित्रकाराला तर वाटलाच. त्याची बायको आठ महिन्यांपूर्वी, भांडण नाही, तंटा नाही, पायांत चपला सरकवून 'आलेच' म्हणून जी गेली ती गेली. तेव्हापासून हा बापडा दाराला कडी न लावता झोपत होता.

त्या सकाळी डार्करूममध्ये त्याने निगेटिव्ह उलटी बसवली. वीस वर्षं हेच काम करणाऱ्याने इतकं नवशिक्यासारखं वागावं! लेखकांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आलेला दिसला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला आणि प्रिंट फाडायला घेतली, तोच वाफ्यात खोचलेल्या लाकडी पाटीवर नजर गेली. आधीच्या सरळ प्रिंटमध्ये तिच्यावर नुसत्या रेघोट्या होत्या. इथे स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'बुटकी'.

बायकोला तो तसं म्हणायचा. दार लावून, दोघंच असताना. त्याच्या आईलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

त्याने भिंग लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, निगेटिव्ह दहादा सरळ-उलटी केली. काहीच उमजेना. आनंद व्हावा की भीती वाटावी, हेही कळेना. शेवटी तो तसाच उठून लेखकाच्या घरी गेला.

पाटी होती तिथेच होती, त्याच रेघोट्यांची. भोवतीची माती मात्र उघडी, काळीभोर, गवताचं पातंही नाही.

"इथे काय लावलंय हो?" त्याने आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं.

"आता आठवत नाही बुवा," लेखक खुरपं पुसत म्हणाले. "आठ महिने झाले असतील. उगवलं की मी पाटी काढून टाकतो. हे काही वर यायचं नाव घेईना."

"पण येईल ना?"

"मातीचं काय सांगावं!"

त्याला ओरडायचं होतं, त्यांची गचांडी धरायची होती, पोलिसांना बोलवायचं होतं. पण हात भलतीकडेच गेले. कुंपणाजवळची झारी त्याने नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि गुडघे टेकून तो वाफ्याला पाणी घालू लागला.

"बेताने हो," मागून लेखक मायेने म्हणाले. "फार झालं तर कुजतं."