गुडघ्याच्या वर

दादानं बिस्किटाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं पँटला पुसल्यासारखी केली आणि फोनवरचा फोटो दोन बोटांनी ताणला. फोटोत इस्त्रीवाली आपल्या दाराशी पाण्यात उभी होती. ताणता ताणता तिचा चेहरा कडेला सरकला, मग खांदे गेले, आणि शेवटी पडद्यावर नुसता तिचा पाय उरला.

"हे बघ," त्यानं फोन बहिणीपुढे धरला. "गुडघा कोरडा ठणठणीत आहे. पाणी पोटरीला. म्हणजे येता येतं."

ताईनं बघितलं आणि तिला शिसारी आली. काचेवर दादाच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला होता, नेमका त्या पोटरीवर.

लॉन्ड्रीचा हा नियम दादाच्याच डोक्यातून निघालेला. वादळवाऱ्यात कामाला दांडी मारायची तर आपल्या दारातल्या पाण्यात उभं राहून फोटो पाठवायचा. चेहरा आणि पाय, दोन्ही दिसले पाहिजेत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर सुट्टी, खाली असेल तर मुकाट्यानं निघायचं. माणसं खोटं बोलतात, पाणी बोलत नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा आणि स्वतःच मान डोलवायचा. पाऊस सुरू झाला की सकाळी तो गल्ल्यावर फोन घेऊन बसे आणि एकेकाचे पाय तपासे. बायकांचे जरा जास्तच वेळ तपासे, असं ताईला आताशा वाटू लागलं होतं.

खरं तर या तपासणीत ताईचाही हात होता. मागच्या पावसात पॅकिंगवाल्यानं फोटो पाठवला, त्यात पाणी पार त्याच्या कमरेला लागलेलं. दादा सुट्टी देणार होता. ताईनंच दाखवून दिलं, की मागं दाराची कडी याच्या डोक्याच्या वर दिसते आहे. म्हणजे गडी पाण्यात गुडघे टेकून बसला होता. तो फोटो दादानं सगळ्यांना पाठवला. सगळे पोट धरधरून हसले. पॅकिंगवाला त्यानंतर कामावर आला नाही, आणि "माझ्या बहिणीची नजर म्हणजे नजर!" असं दादा महिनाभर सांगत सुटला. ताईलाही तेव्हा बरं वाटलं होतं. नवरा गेल्यावर भावाच्या दुकानावरच्या खोलीत राहायचं, भावाच्याच दुकानात राबायचं, तर आपला काही उपयोग आहे हे कुणीतरी म्हणायला हवंच असतं.

"हॉटेलच्या चादरी संध्याकाळी जायच्यात," दादा म्हणाला. "गाडी घेऊन जा आणि बाईसाहेबांना उचलून आण. नाहीच म्हणाली, तर तिला दारात उभी करून तू स्वतः एक फोटो काढ. गुडघा कोरडा दिसला की उद्यापासून तिला सुट्टीच सुट्टी."

"तिच्या घरात पाणी शिरलंय म्हणते, दादा."

"शिरेना! इस्त्री ती तिच्या घरात करते का?"

आपल्या विनोदावर तो स्वतःच खूश झाला आणि त्यानं दुसरा पुडा फोडला. ताईनं मागं बघितलं. ओल्या चादरींचा ढीग छातीएवढा झाला होता. दोन दिवस ऊन नाही, त्यामुळे त्यांना कुबट वास मारत होता. लोकांची झोप, घाम, डाग, सगळं धुऊनही त्या कापडात मुरून राहिल्यासारखं. एरवी ती हे नाकावर रुमाल धरून निभावून न्यायची. आज रुमालालाही तोच वास येत होता.

गाडीवाल्यानं तिला मोठ्या रस्त्यावरच उतरवलं. "पुढं इंजिनात पाणी जाईल, ताई," तो म्हणाला. गाडीची काळजी होती त्याला; आणि का नसावी, गाडीचं काही झालं तर दादानं त्याला फाडून खाल्लं असतं.

ताईनं पँट वर दुमडली, चपला हातात घेतल्या आणि गल्लीत पाय टाकला. पाणी काळं होतं आणि कोमट होतं. थंड असतं तर इतकी किळस आली नसती. गटार आणि रस्ता कुठं एक झाले होते ते कळत नव्हतं. एक मेलेली घूस पोट वर करून सावकाश तिच्याकडे येत होती. ताई भिंतीला चिकटली, तर भिंतही बुळबुळीत. तिला उमासा आला. तिनं ओठ घट्ट मिटले आणि ती चालत राहिली.

इस्त्रीवाली दारातच होती. बादलीनं घरातलं पाणी बाहेर फेकत होती, आणि ते उंबऱ्यावरून पुन्हा आत येत होतं. आतल्या खाटेला चार विटांचा टेकू दिला होता. खाटेवर तिची सासू पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि तिच्याभोवती घरातली भांडी, उश्या, डबे, असेल नसेल ते सगळं रचलेलं होतं. संडासातलं पाणी उलटं वर आलं होतं, हे सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही कशाला आलात ताई, या घाणीत?" इस्त्रीवालीनं बादली खाली ठेवली. "पहाटे मांडीइतकं होतं हो. पण तेव्हा फोटोचं सुचलं नाही. म्हातारीला खाली सोडता येईना. आता ओसरलंय."

ताईनं खिशातला फोन चाचपला. तिला कसं सांगावं तेच सुचत नव्हतं. पण इस्त्रीवाली दादाकडे चार पावसाळे काढलेली बाई होती.

"फोटो काढायला पाठवलंय ना?"

ताईनं मान डोलावली.

"काढा मग. तुमचा काय दोष?" ती हात पदराला पुसायला गेली, पदरही भिजलेला होता, तशीच येऊन ती दाराच्या मिटलेल्या एका फळीपुढे उभी राहिली. दोन्ही हातांनी कपडे गुडघ्यापर्यंत वर धरले. शाळेत तपासणीला उभं राहावं तशी. पाणी पोटरीला होतं. त्यावर गुडघे कोरडे होते.

"माझ्याकडे बघू नका गं," आतून म्हातारी कुणाला तरी म्हणाली, की असंच काहीतरी बरळली. "लाज वाटते."

ताईनं फोन वर धरला. पडद्यावर इस्त्रीवाली दिसली आणि ताईच्या डोळ्यांपुढे ती दोन बोटं आली, बिस्किटाचा चुरा लागलेली. चेहरा बाजूला सारत जाणारी. आता हाही फोटो तो ताणणार. तोही मीच काढलेला. मघापासून घशाशी दाटलेलं ते गटाराच्या वासानं आलं नव्हतं, हे तिला तिथं कळलं.

तिनं हात खाली घेतला.

"कपडे सोड खाली," ती म्हणाली. "आणि हा फोन धर."

"मी?"

"धर गं. हो बाजूला."

इस्त्रीवाली बाजूला झाली. ताई तिच्या जागी गेली, तिनं दाराला पाठ केली आणि एक मोठा श्वास घेऊन त्या काळ्या पाण्यात गुडघे टेकले. खालच्या गाळात गुडघे रुतले. पाणी मांड्यांवरून वर चढलं, कपड्यांत शिरलं, काहीतरी मऊ पायाला लागून गेलं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती उठली नाही.

"अहो ताई! हे काय करताय? घाण आहे ती!"

"माहीत आहे. काढ फोटो. दादाला पाठव आणि खाली लिही, पाणी गुडघ्याच्या वर आहे, दोघीही येत नाही."

इस्त्रीवालीनं फोन डोळ्यांसमोर धरला. मग तिचा हात थबकला. पॅकिंगवाल्याचा फोटो तिनंही पाहिला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मागं दाराची कडी दिसतेय. डोक्याच्या वर."

"दिसू दे," ताई म्हणाली, आणि तिनं मान वर करून नीट समोर बघितलं.