टाकीतला उजेड

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दिवशी ज्याला भ्यायचं त्याला भ्यालो नाही, प्राचार्यांना भ्यालो.

१९९४ सालची गोष्ट. नगरपालिकेच्या अनुदानातून पनवेलच्या आमच्या कॉलेजात पावसाचं पाणी साठवायची टाकी होत होती. वसतिगृहाच्या छतावरचं पाणी जमिनीखाली साठवायचं आणि उन्हाळ्यात झाडांना घालायचं. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून देखरेख माझ्या गळ्यात. पावसाळ्याआधी स्लॅब टाकून झाला आणि ठेकेदार न्हावा शेवा बंदराच्या मोठ्या कामावर पळाला. स्लॅबला आतून आधार द्यायला लावलेल्या सेंटरिंगच्या फळ्या तशाच राहिल्या, टाकी पाच महिने झाकण लावून बंद. त्या दिवशी दुपारी तीनला नगरपालिकेचे ओव्हरसियर पाहणीला येणार होते. "अविनाश सर, काम अपुरं दिसलं तर उरलेलं अनुदान गेलं आणि जबाबदार तुम्ही," असं प्राचार्यांनी दोनदा ऐकवलं होतं.

फळ्या काढायला वीटभट्टीवरून चांगो आला. बरोबर त्याची बायको चिंधी आणि मेहुणा शिवा. झाकण सरकवताच कुजक्या लाकडाचा भपकारा आला. चिंधीने पिशवीतून रॉकेलची चिमणी काढली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"बंद इहिरीत दिवा सोडल्याबिगर आमी उतरत नाय, सायेब. दिवा इझला त मानूस बी इझतो."

मला हसू आलं. त्याची आजही लाज वाटते. "अहो बाई, ही काय विहीर आहे? उजेडच हवा ना?" मी प्रयोगशाळेतली तीन सेलची बॅटरी पेटवून आत धरली. तळ लख्ख दिसला. "बघा!"

"सायेब शिकलेलं हायत," चांगो म्हणाला आणि त्याने बॅटरी घेतली. चिंधीने चिमणी खाली ठेवली. पण बादलीचा दोर उचलून तिने नवऱ्याच्या काखेतून फिरवला आणि दोन गाठी मारल्या.

तो शिडीवरून उतरला. मी घड्याळ बघत होतो. तळाशी पोचल्यावर "सायेब, डोकं..." एवढंच ऐकू आलं आणि मग धप्प आवाज.

मी वाकून बघितलं. बॅटरी खाली पडली होती, पण जळत होती. तिच्या उजेडात चांगोचं उघडं तोंड दिसलं. शिवाने शिडीवर पाय टाकलासुद्धा. चिंधीने त्याचे केस धरून मागे खेचलं.

"जाऊ नको! तू बी मरशील! दोर वढ!"

आम्ही तिघांनी ओढलं. माझे तळहात सोलले. चांगो वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. चिंधी त्याच्या छातीवर थापा मारत ओरडत होती आणि मी नास्तिक माणूस मनातल्या मनात देवाला हाका मारत होतो. शेवटी तो खोकला. कॉलेजच्या जीपमधून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

चिमणी तिथेच राहिली होती. मी ती दोराला बांधून आत सोडली. हातभर खाली गेली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. दरवर्षी वर्गात मी मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घालतो, ज्योत विझते, पोरं टाळ्या वाजवतात.

तीनला ओव्हरसियर उदयसिंह आले. बरोबर प्राचार्य. घडलेलं मी प्राचार्यांना सांगितलं होतं. "आत्ता तो विषय काढू नका," एवढंच ते म्हणाले होते. ओव्हरसियर झाकणापाशी वाकले. खाली बॅटरी अजून जळत होती.

"वा! उजेडाची सोय छान केलीत की. उतरूनच बघतो."

त्यांनी शिडीवर पाय ठेवला. प्राचार्य नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी ओव्हरसियरांचा दंड इतका घट्ट धरला की ते कळवळले. दुसऱ्या हाताने चिंधीची चिमणी पुढे केली. दंड सोडून काडी ओढली, तीन काड्या वाया गेल्या. मग चिमणी खाली सोडली. ती विझली. खाली बॅटरी तशीच जळत होती.

ओव्हरसियरांनी पाय हळूच मागे घेतला.

"काम अपुरं आहे," मी म्हणालो. "तसंच लिहा."