सान्वीचा ताप आणि मी

मी एक जुना सागवानी पाळणा आहे. कल्याणच्या खाडीकाठी काळुरामने मला करवून घेतलं ते आपल्या मुलासाठी, हितेशसाठी. पुढे शेतं गेली, इमारत आली आणि मी माळ्यावर पडलो. गेल्या वर्षी हितेशच्या लेकीसाठी, सान्वीसाठी, मला खाली काढलं. पॉलिश केलं. मित्रांनो, मी किती मिरवलो!

पण सान्वीला सारखा ताप भरू लागला. अंगावर लाल गांध्या उठायच्या, डोळे तांबारायचे. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. रक्तात जंतू सापडेनात. ताप उतरावा म्हणून घरचे एसी वाढवत, ओल्या फडक्याने अंग पुसत. ती आणखीच कळवळे. मला चैन पडेना. असल्याच गांध्या मी लहानग्या हितेशच्या अंगावर पाहिल्या होत्या. पण लाकडाला वाचा कुठली?

शेवटी तिला ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आल्यावर सान्वीची आई समृद्धी सासूला, बायजाला, म्हणाली, "आई, घरात आणखी कोणाला असं होतं का, विचारत होत्या. हे नाही म्हणाले."

बायजा भाजी निवडत होती. "ताप नाय गो. पन पित्त? गार वारा लागला का ह्याला लानपनी उठायचाच."

हितेश हसला. "अगं आई, ते साधं पित्त. ऑफिसात एसीखाली बसलो की अजून उठतं."

समृद्धीने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला.

बाप-लेकीचं रक्त तपासायला गेलं. अहवाल येईपर्यंत घरात कोणाला घास गोड लागला नाही. मग कळलं, दोघांच्या जनुकात एकच दोष आहे. थंडी लागली की जंतू नसतानाही शरीर आपणहून पेटून उठतं. फार क्वचित होणारा आजार. तसाच राहिला असता तर पुढे मूत्रपिंडांवर बेतलं असतं, असं बाई म्हणाल्या. औषध सुरू झालं.

हितेश माझी दांडी धरून उभा राहिला. "माझ्यामुळे झालं हिला."

बायजा त्याच्याकडे बघतच राहिली. "दिवालीला सकालचे थंडीत तुला ओढून न्हानीत न्यायची मी. नाटकं करतंस म्हनून मारायची. तू तर खरंच सांगत होतास रे बाला."

मित्रांनो, मूल कळवळतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. ते ऐका. आणि 'आमच्याकडे असं होतंच' म्हणून जे सोडून देता, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

सान्वी आता बरी आहे. लोकरी टोपडं ती ओढून काढते, बायजा पुन्हा घालते. पण शेजारच्या खोलीत पंख्याचं बटण वाजलं, तरी माझ्या कड्या अजून करकरतात.