शुक्रवारच्या बादल्या

सोमवार आणि गुरुवार हे कंडक्टरकाकांच्या ड्रेसिंगचे वार. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सिस्टरांच्या यादीतल्या अकरा घरांत त्यांचा नंबर आठवा. म्हणजे तिथं पोचेपर्यंत सिस्टरांचे स्वतःचेच गुडघे बोलू लागलेले असत. सिस्टर छप्पन वर्षांच्या होत्या. आरोग्य केंद्राच्या वतीने घरोघर जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे काम त्या एकवीस वर्षं करत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती कशीबशी रेटायची एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

काकांनी चौतीस वर्षं बसमध्ये उभं राहून काढली. त्या उभं राहण्याने डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आणि घोट्याच्या वर एक जखम झाली. असल्या जखमा भरायला वेळ लागतो, पण भरतात. काकांची भरत नव्हती. खरं म्हणजे भरत यायची. कडा जवळ यायच्या, नवी कातडी धरायची, सिस्टर म्हणायच्या की आता दोनच आठवडे, आणि पुढच्या खेपेला पाहावं तर पुन्हा ओली, लालभडक. असं तीनदा झालं. रक्तातली साखर तपासली, मलम बदललं, पट्टी बदलली. शेवटी केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर ‘कारण अस्पष्ट’ असं लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.

काका घरात एकटेच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात. ती दर रविवारी फोन करायची आणि काका तिला ‘एकदम ठणठणीत’ म्हणून सांगायचे. सिस्टर आल्या की मात्र काकांच्या तोंडाची टकळी सुरू होई. कुठल्या रस्त्यावर कुठला खड्डा होता, पहिल्या फेरीला उभ्या उभ्या झोपणारे कारखान्यातले कामगार, मागच्या सीटवर बाळंत झालेली बाई आणि तिच्या नवऱ्याला आलेली चक्कर. सिस्टरांकडे एका घराला बारा मिनिटं असत. त्या हं हं करत पट्टी गुंडाळत आणि बॅगेची चेन लावत. काका निरोप द्यायला दारापर्यंत येत आणि दारात उभं राहून नवीनच गोष्ट काढत. सिस्टरांना कंटाळा येई. कंटाळा आल्याची लाजही वाटे, पण लाज वाटून घ्यायलाही सवड लागते.

घरी त्यांची म्हातारी आई असे. ती संध्याकाळी विचारायची, आज कोण कोण भेटलं. सिस्टर म्हणायच्या, नेहमीचेच, आणि भाजी चिरायला घ्यायच्या. दिवसभर इतक्यांचं ऐकलेलं असे की आईच्या वाटणीला कान उरत नसत.

एका बुधवारी काकांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या आजींचं दार बंद मिळालं. त्यांना सकाळीच हॉस्पिटलात हलवलं होतं. आलोच आहोत तर काकांचं उद्याचं काम आजच उरकू, असं म्हणून सिस्टर वर गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका खाटेवर बसले होते. पायाची पट्टी सोडून, नीट गुंडाळून उशीवर ठेवलेली. हातात चमचा होता आणि त्याच्या दांड्याने ते जखमेची कड उकरत होते. अगदी शांतपणे, एखादं माणूस दुपारी शेंगा सोलत बसतं तसं.

सिस्टर दारातच थांबल्या. काकांनी मान वर केली.

“आज तुमचा वार नाही,” ते म्हणाले.

सिस्टरांनी बॅग ठेवली, हात धुतले, त्यांच्या हातातला चमचा काढून मोरीत टाकला आणि स्टुलावर बसून जखम धुवायला घेतली. एरवी या कामात काकांच्या दोन गोष्टी सांगून होत. त्या दिवशी फक्त खाली बोळात कुणीतरी कपाट सरकवत असल्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेल्यावर सिस्टरांनी विचारलं, दुखत नाही का. दुखतं की, असं काका म्हणाले. मग आपणहून बोलले.

“भरली की तुम्ही यायच्या बंद होणार. मागे एकदा भरली होती. तुमच्या आधीच्या सिस्टर गेल्या त्या गेल्याच. सात महिने या दारातून कुणी आत आलं नाही.”

सिस्टरांना राग आला होता. दीड वर्षाचं औषध, एवढे जिने, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अशाने पाय कापायची पाळी येते, हे त्यांनी सांगितलं. काका म्हणाले की ते त्यांना माहीत आहे. अशा वेळी कुणी भली बाई म्हणाली असती, काका, जखम भरली तरी मी येत जाईन. सिस्टरांच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ते खोटं ठरलं असतं, आणि काकांनाही ते कळलं असतं.

“मी दमलेय, काका,” त्या म्हणाल्या. “मी एकटी किती जणांना पुरणार?”

काकांनी मान हलवली. “खरंय. गाडी भरलेली असली की आम्हीही घंटी मारून पुढे काढायचो. स्टॉपवर माणसं हात करत राहायची. करणार काय.”

ते बोलणं रागाने नव्हतं, म्हणून जास्त लागलं. सिस्टरांनी पट्टी घट्ट बांधली आणि त्या निघाल्या. काका दारापर्यंत आले नाहीत.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी आपली यादी काढून पाहिली. अकरा माणसं, पैकी पाच अंथरुणाला खिळलेली. उरलेली सहा चालती-फिरती होती, पायाच्या जखमा असलेली, आणि त्या सहाही घरांत दुसरं माणूस नव्हतं. त्यातल्या आणखी कोणाच्या हाती चमचा असेल हे शोधायची सिस्टरांना इच्छा नव्हती. पण ही सहा माणसं एका ठिकाणी बसली तर सहा जिने वाचतील, हे डोक्यात आलं ते गेलं नाही. नंतर लोक म्हणू लागले की सिस्टरांना म्हाताऱ्यांचा कळवळा. सिस्टर म्हणायच्या, कळवळा गुडघ्यांचा होता.

डॉक्टरीणबाईंनी शंभर शंका काढल्या. जंतू एकमेकांना लागले तर जबाबदार कोण, बसवणार कुठे, आणणार कोण. सिस्टरांनी केंद्राच्या तळमजल्यावरची अडगळीची खोली सुचवली. शेवटी तीन महिने करून बघा, पण बाकीच्या कामात खाडा नको, एवढ्यावर परवानगी मिळाली. सिस्टरांनी मोडक्या खाटा आणि रिकामी खोकी हलवली, जमीन फिनेलने पुसली, सहा बादल्या आणि सहा खुर्च्या मांडल्या. ड्रेसिंगआधी पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे असतात. प्रत्येकाची बादली वेगळी, आत प्लास्टिकची स्वच्छ पिशवी. वार शुक्रवार.

पहिल्या शुक्रवारी तिघं आले. काका आले नाहीत. सिस्टरांनी त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं की चालत्या माणसाच्या घरी यापुढे कुणी येणार नाही. एवढे जिने कसे उतरू, असं ते म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या की रोज सकाळी दूध आणायला उतरता तसे. दुसऱ्या शुक्रवारीही काका नव्हते. सिस्टर पाण्यात हात घालून दुसऱ्या कुणाचा तरी पाय धरून बसल्या होत्या आणि डोळ्यांपुढे तो चमचा येत होता. तिसऱ्या शुक्रवारी काका आले. इस्त्रीची पँट, चेहरा फुगलेला. कोपऱ्यातली खुर्ची धरून, बादलीत पाय सोडून ते भिंतीकडे बघत बसले.

शेजारी शिलाईवाल्या मावशी होत्या. आयुष्यभर कपडे शिवून त्यांचे पाय कामातून गेले होते आणि डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांशी लांबून हाक मारल्यासारखं बोलत. त्यांनी काकांकडे वळून बराच वेळ निरखलं.

“तुम्ही मला एकदा बसमधून उतरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “भर उन्हात. शिलाई मशीनसकट.”

काकांनी तो मी नव्हेच म्हणून सांगितलं. मावशींनी गाडीचा नंबर, स्टॉप आणि काकांच्या तेव्हाच्या मिशा सांगितल्या. मग काका म्हणाले की बसमध्ये यंत्रसामग्री न्यायची नाही असा नियम होता. मावशींनी विचारलं, मग शेजारच्याचं पिंप कसं चाललं. पिंपात काय होतं यावर दोघांचं जुंपलं. समोरचे एक निवृत्त पोस्टमन पाय पाण्यात ठेवूनच हसू लागले. त्या दिवशी सिस्टरांनी सहा ड्रेसिंग केली आणि त्यांच्याशी कुणीच बोललं नाही. त्यांना ते इतकं बरं वाटलं की दोन पट्ट्या त्यांनी मुद्दाम सावकाश बांधल्या.

तो वाद सुटला नाही. दर शुक्रवारी काका नवा नियम शोधून आणत आणि मावशी तो मोडीत काढत. दहाव्या आठवड्यात सिस्टरांनी काकांची पट्टी सोडली तेव्हा खाली जखम नव्हती. पातळ, चकचकीत कातडी होती. भरली, असं त्या म्हणाल्या. मावशींनी टाळी वाजवली. काका आपल्या पायाकडे बघत राहिले, मोजा चढवला आणि निघून गेले.

पुढच्या शुक्रवारी त्यांची खुर्ची रिकामी होती.

काम आटोपल्यावर सिस्टर स्कूटरपाशी आल्या. घरी जायचं होतं, कंबर धरली होती, आणि काकांचं घर उलट्या दिशेला होतं. त्या थोडा वेळ किल्ली हातात धरून उभ्या राहिल्या. मग शिवी द्यावी तशी किक मारून त्यांनी स्कूटर उलट्या दिशेला काढली. तीन मजले. दार लोटलेलं होतं. काका खाटेवर बसले होते, हात मांडीवर. त्या आत येताच त्यांनी आपणच पँटचा पाय वर ओढला. कातडी शाबूत होती.

“हात लावला नाही,” ते म्हणाले. “पण बऱ्या झालेल्या माणसाने दवाखान्यात कशाला यायचं?”

सिस्टर स्टुलावर बसल्या. काकांनी पाणी दिलं, मग चहा टाकला. कप हातात घेऊन सिस्टर म्हणाल्या, “मावशी सगळ्यांना सांगत होत्या, कंडक्टर हरला, म्हणून तोंड लपवून बसलाय.”

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. मग, आपण का म्हणून हरू, अशा अर्थाचं काहीतरी ते पुटपुटले. सिस्टर दहा मिनिटं बसल्या आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरून दोनदा दम खाल्ला.

काका पुढच्या शुक्रवारी आले. बादली नको म्हणाले, नुसती खुर्ची घेतली.

मुदत संपायच्या सुमारास एकदा डॉक्टरीणबाई खोली बघायला आल्या. तोवर नऊ माणसं होत होती आणि त्यातल्या चौघांच्या पायाला काहीही नव्हतं. बाईंनी ते मोजलं. रजिस्टर उघडून त्यांनी सिस्टरांना विचारलं की या चौघांपुढे काय लिहिता. तपासणी, असं सिस्टर म्हणाल्या आणि आता बंद होणार म्हणून त्यांनी मनाची तयारी केली. बाईंनी पेन काढलं.

“तपासणी लिहिलंत की वरून विचारतात, औषध काय दिलं,” त्या म्हणाल्या. “देखरेख लिहा. देखरेखीला कुणी काही विचारत नाही.” मुदतीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि सिस्टरांनीही विषय काढला नाही.

माणसं एकेक करून गेली. सिस्टरांनी बादल्या पालथ्या घातल्या, जमीन पुसली, खोलीला कुलूप लावलं. दुपारचे अडीच वाजले होते. जिने काही संपले नव्हते. खाटेवरून उठू न शकणारी पाच माणसं अजून बाकी होती, आणि त्यांच्यासाठी काय करावं हे सिस्टरांना सुचलेलं नव्हतं. त्यांनी बॅग खांद्याला लावली आणि त्यातल्या पहिल्या घराकडे स्कूटर वळवली.