आबांच्या खांद्यावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे. माझ्या उजव्या खांद्याला वाटीएवढं भोक आहे, म्हणून आधीच सांगतो, हसू नका.

चोपड्याच्या बाजारात लोटनआबांनी मला घेतलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो आणि मला त्याचा फार तोरा होता. आबा केळीच्या बागेत घड वाहायचे. पहिल्याच दिवशी घडाचा चीक खांद्यावर ओघळला आणि माझा तोरा उतरला! हा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो. वाळला की काळपट पडतो आणि जन्मभर जात नाही. अकरा वर्षांत तो डाग पार पाठीपर्यंत पसरला. मला त्याचा राग यायचा. आबांना नाही. ते म्हणायचे, "हाऊ डाग मनी हजेरी शे." हा डाग म्हणजे त्यांची कामावरची हजेरी!

एकदा त्यांच्या लेकीच्या, भाविकाच्या, मैत्रिणी घरी आल्या. मी दारातल्या दोरीवर वाळत होतो. सहावीतली पोर ती! आईच्या कानाशी लागून म्हणाली, "माय, तो घाणेरडा सदरा आत टाक ना. मला लाज वाटते."

आबा ओट्यावरच होते. त्यांनी स्वतः उठून मला काढलं आणि मागे गोठ्यात वाळत घातलं. त्यानंतर मी कधी दारात वाळलो नाही. मायने, म्हणजे कुंदाबाईंनी, ते बोलणं मनात ठेवलं.

भाविका मोठी झाली, चित्रकार झाली, जळगावात पिंप्राळ्याला खोली घेऊन राहू लागली. तिच्या चित्रात ना झाड, ना घर, ना माणूस. मजुरांचे जुने सदरे, टॉवेल, लुंग्या कापून ती एकमेकांना जोडते आणि त्यांवरच्या डागांतून आकार घडवते. गेल्या वर्षी आबा गेले. मग तिचा मायला फोन आला, "आबांचा सदरा काढून ठेव. प्रदर्शनात मधोमध लावायचाय. खूप लोक येतील बघायला."

एवढंच बोलली. डागाचं बोललीच नाही!

खूप लोक येणार म्हटल्यावर मायचा जीव घाबरा झाला. पोरीला पुन्हा मान खाली घालायला नको. सोडा झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, शेवटी ब्लीचिंग पावडर आणली. तीन दिवस ती मला दगडावर घासत होती. हातांची सालं निघाली तिच्या. "निंघ रे बाबा, निंघ," म्हणत रडायची आणि पुन्हा घासायची. चौथ्या दिवशी डाग गेला, पण तिथलं कापडही विरलं. आबांचा वास तर पहिल्याच दिवशी गेला होता.

भाविका आली. तिने मला उलगडून खांदा शोधला. भोकातून तिला आपलीच बोटं दिसली. सोललेले हात पदरात लपवून माय तिच्या तोंडाकडे बघत होती. "जरासा फाटना, पन डाग गया बेटा. आते कोनी हसनार नही."

भाविकाने माझी नीट घडी घातली. "छान निघाला, माय," म्हणाली. बस स्टँडवर मला छातीशी धरून मग ती खूप रडली.

प्रदर्शनाला माय नवं लुगडं नेसून आली. भिंतीभर चिकाचे डाग, आणि लोक त्यांचंच कौतुक करत होते. माय एकेका चित्रापुढे थांबत थांबत माझ्यापर्यंत पोचली. मधोमध मी, पांढराफटक.

"बठ्ठा डागच शेतस वं इथं," ती हळूच म्हणाली. "तुले तुना आबासना डागच पाहिजे व्हता का?"

भाविकाला आता खोटं बोलवेना. तिने होकारार्थी मान हलवली.

"मी हाई काय करी टाकं वं!" म्हणत माय फरशीवरच बसली.

भाविकाने तिचे हात धरले. "तू नाही, माय. मीच सांगितलं होतं तुला. सहावीत."

मित्रांनो, आता मी मायच्या पेटीत असतो. तुमच्याही दारात असा एखादा डागाळलेला सदरा वाळत असेल. मैत्रिणी आल्या, मित्र आले, तरी त्याला तिथेच राहू द्या. आबा ओट्यावर बसलेले असतात. त्यांना सगळं ऐकू येतं.