अकरा छिद्रे आणि एक कुंचला

त्या वर्षी हंगाम सरत येईपर्यंत परसातल्या पॅशनफ्रूटच्या दोन वेलींना मिळून चारशे बारा फुले आली. फळ एकही धरले नाही.

मोजणी आत्याची. जन्मभर जीवशास्त्र शिकवत आलेली ही बाई कंबरेचे हाड मोडल्यापासून खिडकीशी पडून होती आणि दुपारी फुले उमलली की वहीत रेघा ओढी. भाच्याने वृद्धाश्रमाचा विषय काढला तेव्हा तिने शब्द दिला होता : वेली फळायच्या थांबल्या की घर विकायला सही करीन, तोवर नाही.

“भुंगे कुठे गेले रे, पंडिता?” घरात डोके भाच्याला एकट्यालाच आहे असे तिचे मत होते; म्हणून पंडित.

“जो तो औषध फवारतोय, आत्या. राहतील कशाला?”

“मग तूच हो भुंगा. कुंचला घे. एकीचे पराग दुसरीला.”

“या वयात भुंगा झालो तर तुझी भाचेसून घराबाहेर काढेल मला.”

ती खळखळून हसली. रोज दुपारी तो कुंचला फिरवी, ती खिडकीतून ‘शाबास’ म्हणे. हंगाम सरत आला तेव्हा तिने मुकाट्याने सही केली आणि रुग्णवाहिकेतून गेली.

घर आवरायला आलेली धाकटी भाची बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. शेवटच्या वीस फुलांसाठी तिने तोच कुंचला उचलला. नव्या कुंचल्याला दुकानात लावलेल्या खळीने त्याचे केस अजून काडीसारखे ताठ होते; त्यांना पराग चिकटणे शक्यच नव्हते. ते धुऊन तिने पराग लावले. आठवड्यात सतरा फळे धरली.

मग तिने भुंग्यांची जागा, म्हणजे मांडवाचे खांब पाहिले. त्यांना नवा रंग होता. नखाने खरवडल्यावर पुट्टी निघाली, पुट्टीमागे छिद्र, छिद्रात बाहेरच्या बाजूला तोंड करून मेलेला भुंगा. अशी अकरा.

“दादा, हे तू बुजवलंस?”

“खांब पोखरत होते.”

“आत्याला सांगितलंस?”

“तिला काय सांगायचं? तिनेच शिकवलंय मला. आणि ती सतरा फळं तोडून टाक. कळलं तर उगाच जिवाला लावून घेईल.”

फळे न धरण्याचे कारण असे. या जातीच्या वेलीला दुसऱ्या वेलीचे पराग लागतात, आणि फुलात वरच्या बाजूला असलेले ते पराग टेकून वाहून नेण्याइतकी उंच पाठ भुंग्याचीच असते. मधमाशी खालूनच मध पिऊन जाते. भुंगा कोरड्या लाकडात बीळ कोरून राहतो. हे आत्याने भाच्याला, तो सातवीत असताना, याच मांडवाखाली दाखवले होते. आत्याने तो शब्द दिल्यावर, कळ्या येण्यापूर्वी एका थंड सकाळी, भुंगे आत असताना, त्याने अकराही छिद्रे बुजवली. कुंचला त्याने एकदाही भिजवला नाही.